लढलात तर अनुभव, बोललात तर शून्य? काल्पनिक खेळांतली पात्रं मोठी कशी होतात

"मामा, आम्ही त्या गॉब्लिनांना मारलंच नाही. बोलणी केली, दोन पोती धान्य दिलं, आणि ते गुहा सोडून निघून गेले. मग आम्हाला एक्सपी का नाही मिळाले?"

माझी भाची अकरावीत आहे. दर शनिवारी ती आणि तिच्या चार मैत्रिणी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. त्या दिवशी ती खरंच हिरमुसली होती. पाच मुलींनी अडीच तास डोकं लढवलं, रक्त न सांडता गाव वाचवलं, आणि शेवटी हिशोबात शून्य आलं. तिच्या आईला तर प्रश्नच कळला नव्हता. एक्सपी म्हणजे काय, लेव्हल म्हणजे काय, आणि खोट्या गुहेतल्या खोट्या राक्षसांवरून खरं रडू कसं येतं?

असे आईवडील आता पुष्कळ घरांत आहेत. २०२३ मध्ये याच खेळाच्या नियमांवर बेतलेला 'बॉल्डर्स गेट ३' हा संगणकावरचा खेळ आला आणि त्यातून कितीतरी मुलं या छंदाकडे वळली. २०२४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सला पन्नास वर्षं झाली, नियमांची नवी पुस्तकंही आली. मुलं जेवताना "मी पाचव्या लेव्हलला पोचलो" म्हणतात आणि मोठी माणसं मान डोलावतात. हा लेख त्या मोठ्यांसाठी आहे, आणि भाचीसारख्या खेळणाऱ्यांसाठीही. तिचा प्रश्न साधा वाटतो, पण गेली पन्नास वर्षं खेळ रचणारे लोक त्याचीच उत्तरं शोधताहेत.

आधी खेळ समजून घेऊ

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण पात्र घेत नाही. जगाचं वर्णन करणं, बाकीच्या सगळ्यांच्या भूमिका वठवणं आणि निवाडे देणं हे त्याचं काम. त्याला गेम मास्टर किंवा डन्जन मास्टर, थोडक्यात डीएम, म्हणतात. "मी भिंतीवर चढतो" असं तुम्ही म्हणता, डीएम अवघडपणा ठरवतो, फासा पडतो आणि गोष्ट पुढे सरकते.

बुद्धिबळातलं प्यादं पुढच्या डावात कालचं काही आठवत नाही. इथलं पात्र मात्र आठवतं. आजच्या शनिवारी जे झालं ते घेऊनच ते पुढच्या शनिवारी येतं, आणि कालांतराने बळकट होतं. ही वाढ मोजायचं सर्वांत जुनं माप म्हणजे अनुभवगुण, अर्थात एक्सपी. ठरावीक एक्सपी साठले की पात्र एक लेव्हल वर चढतं: जास्त मार सोसतं, नवीन जादू शिकतं.

हा चढ किती तीव्र असतो ते पाहा. सध्याच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये पहिल्या लेव्हलच्या योद्ध्याकडे साधारण १० हिट पॉइंट असतात, म्हणजे एवढा मार खाल्ला की तो कोसळतो. विसाव्या लेव्हलला ते सव्वाशेच्या आसपास जातात, आणि शरीर दणकट असेल तर त्याहून बरेच वर. जादूगार पाचव्या लेव्हलला आगीचा गोळा फेकायला शिकतो. त्यात सरासरी २८ नुकसान होतं आणि साध्या गॉब्लिनचा जीव जेमतेम सात-दहाचा. पहिल्या महिन्यात ज्या टोळीपुढे पळ काढावा लागला, तीच टोळी काही महिन्यांनी एका मंत्रात संपते.

इतकं मोठं बक्षीस कशासाठी मिळतं, यावर लोक कसे खेळतील हे ठरतं. म्हणून मला हा नियम अख्ख्या पुस्तकात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तलवारीचे तक्ते नंतर.

सुरुवातीला गुण सोन्याला होते

डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावातून बाहेर आलं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे जनक. दोघंही युद्धखेळांतले, म्हणजे टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळणारे. सैन्याऐवजी एकच माणूस घ्यायचा आणि त्याला एका डावातून दुसऱ्या डावात वाढू द्यायचं, ही कल्पना आर्नेसनच्या खेळात आधीपासून रुजली होती.

पुष्कळांना ठाऊक नसतं, पण त्या काळी एक्सपीचा मोठा वाटा मारामारीतून येत नसे. तळघरातून एक सोन्याचं नाणं सुखरूप बाहेर आणलं की एक एक्सपी. १९८१ च्या सोप्या आवृत्तीत योद्ध्याला दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० एक्सपी लागत, चोराला १,२००, जादूगाराला २,५००. आणि एक गॉब्लिन मारल्याचे मिळत फक्त ५. एकट्या योद्ध्याला नुसत्या गॉब्लिनांच्या जिवावर वर चढायचं, तर चारशे मारावे लागले असते. एक बरीशी पेटी सापडली तर तेच काम एका रात्रीत होई.

मग लोक कसे खेळत? मध हवा असेल तर माश्यांशी भांडण कोण काढेल? लढाई म्हणजे निव्वळ खर्च होता. त्यामुळे दबकत जाणं, पहारेकऱ्याला लाच देणं, दोन टोळ्यांत भांडण लावून मधल्यामध्ये खजिना पळवणं, हाच खेळ झाला. माझ्या भाचीने गॉब्लिनांशी केलेली बोलणी या नियमात अगदी फायद्याची ठरली असती: गुहा रिकामी, आत जे काही पडलं होतं ते सगळं गटाचं.

"पण सोनं उचलल्याने तलवार कशी सुधारते?" हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो रास्त आहे. वास्तव म्हणून याला काही आधार नाही. एक्सपी म्हणजे शिक्षणाचं हुबेहूब चित्र नव्हेच. रस्त्यावर पाटी लावतात ना, "किल्ल्याकडे", तशी ती खेळणाऱ्यांना दिशा दाखवणारी पाटी आहे. खरी अडचण वेगळीच आहे. प्रत्येक पात्र लोभी असेलच असं नाही. अनाथ मुलांसाठी लढणारी एखादी साध्वी सोनं मोजत बसली, तर गोष्टीचा सूर बिघडतो. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम ऐच्छिक झाला, आणि २००० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून संकटांवर मात करणं हाच एक्सपीचा मुख्य स्रोत बनला.

मग गुण लढाईला गेले

आजच्या पुस्तकात प्रत्येक राक्षसाच्या वर्णनात त्याचे एक्सपी छापलेले असतात. गॉब्लिनचे ५०. दुसऱ्या लेव्हलला प्रत्येकी ३०० लागतात आणि मिळालेले एक्सपी गटात सारखे वाटले जातात, म्हणून चौघांच्या गटाला चोवीस गॉब्लिन. विसाव्या लेव्हलला ३,५५,००० लागतात.

नियम नीट वाचला तर शत्रूला पळवून लावणं किंवा पकडणंही मात करण्यातच धरलं आहे, आणि लढाईशिवाय सुटलेल्या पेचाला गुण द्यायची मुभा डीएमला आहे. भाचीच्या टेबलावर डीएम असलेली मुलगी नवी होती. तिला हे माहीत नव्हतं आणि त्यात तिचा काही दोष नाही. छापलेला आकडा राक्षसाखाली असतो, बोलणीखाली नसतो. जे छापलेलं असतं ते दिलं जातं, जे मुभेवर सोडलेलं असतं ते राहून जातं.

याचा परिणाम मी स्वतः अनुभवला आहे. आमच्या जुन्या गटात एकदा शरण आलेल्या दोन डाकूंना सोडायचं की नाही यावर चर्चा चालली होती. कुणीतरी हिशोब केला की आणखी शंभर एक्सपी मिळाले तर सगळे वर चढतात. डाकू वाचले नाहीत. तिथे बसलेलं कुणीही क्रूर नव्हतं. तो आकडा समोर नसता तर आम्ही त्यांना सोडलं असतं, याची मला आजही खात्री वाटते.

सगळ्यांना एकदम बढती: माइलस्टोन

यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे एक्सपी मोजायचेच नाहीत. गोष्टीतला एखादा टप्पा ओलांडला, उदाहरणार्थ शहराचा वेढा उठला, की सगळे एक लेव्हल वर. याला माइलस्टोन म्हणतात आणि आज पुष्कळ टेबलांवर हेच चालतं.

वारीसारखं समजा. दिंडीत कुणी वीणा घेतो, कुणी पाणी वाहतो, कुणाचे पाय सुजतात. पण सासवडचा मुक्काम सगळ्यांचा एकदमच होतो. एखादीची परीक्षा होती म्हणून ती दोन शनिवार आली नाही, तरी मागे पडत नाही. मुलांच्या गटात हे फार मोलाचं आहे. भाचीची बोलणीही यात वाया गेली नसती, गाव वाचलं की मुक्काम झाला.

मग इथेच थांबावं का? मला तसं वाटत नाही. वारीचे मुक्काम सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतात. इथे तो फक्त डीएमच्या मनात असतो. तुम्ही बाजूच्या जंगलात तीन शनिवार घालवले आणि डीएमच्या मते गोष्ट पुढे सरकलीच नाही, तर तुम्ही तिथेच राहता. काही गट मग डीएमच्या मनात काय आहे तेवढंच ओळखत बसतात. माइलस्टोन वाईट वागणुकीला बक्षीस देत नाही, पण चांगल्या वागणुकीलाही देत नाही. रस्त्यावरची पाटीच काढून टाकल्यासारखं आहे.

जे वापराल ते वाढेल

दुसरी वाट १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातून निघाली. केऑसियम कंपनीचा 'रूनक्वेस्ट', रचनाकारांत प्रमुख स्टीव्ह पेरिन. हा माणूस मध्ययुगीन चिलखतं घालून लुटुपुटूच्या लढाया लढणाऱ्या मंडळींमधला होता. अंगावर वजन घेऊन ढाल उचलली की दहा मिनिटांत काय होतं, हे त्याला माहीत होतं. लेव्हल नावाची शिडी त्याला पटणं शक्यच नव्हतं.

रूनक्वेस्टमध्ये लेव्हल नाहीत. प्रत्येक कौशल्याला टक्केवारी असते: भाला ४५, पोहणं ३०, खोटं बोलणं ६०. जोखमीच्या क्षणी एखादं कौशल्य यशस्वीपणे वापरलं की त्यापुढे खूण करायची. मोहीम संपली की खूण असलेल्या प्रत्येक कौशल्यासाठी शंभराचा फासा टाकायचा. सध्याच्या टक्केवारीपेक्षा जास्त पडला, तर ते कौशल्य थोडं वाढतं.

यातली गंमत जरा थांबून पाहण्यासारखी आहे. कौशल्य ३० असेल तर ७० टक्के शक्यता की तुम्ही काहीतरी शिकलात. ८० असेल तर फक्त २० टक्के. एका ओळीच्या नियमात शिकण्याचा सगळा स्वभाव उतरला आहे. बाजाच्या पेटीवर बसलेलं मूल पहिल्या दोन महिन्यांत झपाट्याने पुढे जातं. वीस वर्षं रियाझ केलेल्या गायकाला एक मींड मनासारखी लागायला वर्ष जातं. आणि तबल्यावर हात बसला म्हणून पोहता येत नाही. बारा गॉब्लिन मारल्यावर कुलूप उघडण्याची कला आपोआप सुधारणं, हे इथे होत नाही.

शिवाय हिट पॉइंट शरीरावर अवलंबून असतात, अनुभवाने फुगत नाहीत. पंधरा मोहिमा केलेला भालाईतही पाठीत सुरा बसला तर मरू शकतो. त्यामुळे रूनक्वेस्टमधले कसलेले लढवय्ये सावध असतात, उगाच तलवार उपसत नाहीत. पुढे १९८१ च्या 'कॉल ऑफ थुलू' या भयकथांच्या खेळानेही हीच पद्धत उचलली आणि आजवर टिकवली.

"मग लोक खुणांसाठीच खेळतील!" हो, खेळले. भाला मारून खूण केली की लगेच कुऱ्हाड, मग गदा, असं लढाईच्या मध्येच हत्यारं बदलणारे निघाले. संगणकावर तर कहरच झाला. १९८८ च्या 'फायनल फँटसी २' मध्ये मार खाल्ल्याने सोसण्याची ताकद वाढत असे, म्हणून खेळणारे आपल्याच सोबत्यांना मारत सुटले. २००२ च्या 'मॉरोविंड'मध्ये उड्या मारून उडीचं कौशल्य वाढतं, म्हणून माणसं गावभर उड्या मारत हिंडायची. टेबलावर मात्र याला दोन साधी कुलुपं आहेत: एका मोहिमेत एका कौशल्याला एकच खूण, आणि जिथे काही पणाला लागलेलं नाही तिथे खूण नाही. दुसरं कुलूप संगणकाला लावता येत नाही, कारण काय पणाला लागलंय हे ओळखायला समोर माणूस लागतो.

चुकलात? मग गुण तुमचे

ही पद्धत मला मनापासून आवडते. २०१२ चा 'डन्जन वर्ल्ड' दोन साध्या फाशांवर चालतो. बेरीज दहा किंवा जास्त आली तर काम फत्ते, सात ते नऊ आली तर काम होतं पण किंमत मोजून, आणि सहा किंवा कमी आली तर संकट. त्या संकटाबरोबर एक एक्सपी. पहिल्या लेव्हलवरून दुसरीवर जायला आठ लागतात, पुढे दर लेव्हलला एकेक वाढत जातो.

आपल्याकडे चुकलेल्या गणितावर लाल रेघ मारायची सवय इतकी मुरली आहे, की हा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो उलटा छापला गेलाय असं वाटलं. टेबलावर त्याचा परिणाम पाहिला आणि मत बदललं. फासा वाईट पडल्यावर तोंड पाडून बसणारा मुलगा हसत पेन्सिल उचलतो. ज्या कामात आपण कच्चे आहोत त्याला हात घालायची भीती जाते. जादूगार भिंतीवर चढून बघतो.

"मुद्दाम चुकत राहिले तर?" फासा मुद्दाम पाडता येत नाही. आणि दर चुकीला डीएम काहीतरी खरंखुरं बिघडवतो: दोर तुटतो, पहारेकरी जागा होतो, सोबती पकडला जातो. एका एक्सपीसाठी हा सौदा कुणी मुद्दाम करत नाही. उलट या नियमात एक नैसर्गिक लगाम आहे. कौशल्याची भर नसताना सहा किंवा कमी पडण्याची शक्यता साधारण ४२ टक्के असते; दोनची भर पडली की ती १७ टक्क्यांवर येते. हुशार होत जाल तसतसं शिकणं आपसूक मंदावतं.

ल्यूक क्रेनचा 'बर्निंग व्हील' हा २००२ चा खेळ याच दिशेने आणखी खोल जातो. तिथे प्रत्येक प्रयत्नाची सोपा, अवघड किंवा कुवतीबाहेरचा अशी वर्गवारी होते, आणि यश आलं की अपयश हे न पाहता तो नोंदवला जातो. कौशल्य एका पातळीच्या वर गेलं की सोपे प्रयत्न मोजणं बंद. पुढे जायचं तर कुवतीबाहेरच्या कामाला हात घालावाच लागतो. हिशोब किचकट आहे, नवशिक्यांना मी तो सुचवणार नाही. पण तालमीत आपल्यापेक्षा वरच्या गड्याशी खेळल्याशिवाय अंगात डाव मुरत नाहीत हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना तो पटेल.

काळच शिकवतो

आतापर्यंतच्या सगळ्या पद्धतींत एक गृहीत लपलेलं आहे: माणूस मोहिमेवर गेल्याने वाढतो. १९८७ च्या 'आर्स मॅजिका'ने ते उलटं केलं. हा तेराव्या शतकातल्या जादूगारांचा खेळ. वर्षाचे चार ऋतू, आणि दर ऋतूला तुम्ही ठरवायचं: ग्रंथ वाचायचा, प्रयोगशाळेत बसायचं, की शिष्याला शिकवायचं. बाहेर साहस करायला गेलात तर तो ऋतू अभ्यासातून वजा होऊ शकतो. साहस म्हणजे व्यत्यय! पीएचडी करणाऱ्या कुणालाही लग्नसराईत जे वाटतं तेच. अशा जगात खजिना म्हणजे सोनं नसतं, एक चांगला ग्रंथ असतो, आणि तो आधी कुणी वाचायचा यावरून मित्रांत खरीखुरी भांडणं होतात.

ग्रेग स्टॅफर्डच्या १९८५ च्या 'पेंड्रॅगन'मध्ये आर्थर राजाचे सरदार आहेत. साधारण एका मोहिमेत एक वर्ष सरतं आणि मग हिवाळा येतो. हिवाळ्यात घरचा कारभार, लग्न, मुलं, दगावलेले घोडे, यांचे फासे पडतात. स्वभावही मोजलेला असतो, जोड्यांमध्ये: दया आणि क्रौर्य यांची बेरीज वीसच, एक वाढलं की दुसरं घटणार. शरण आलेल्याला सोडलंत तर दयेपुढे खूण. वर्षाअखेरीस तुमचा सरदार खरंच अधिक दयाळू झालेला असू शकतो. आमच्या त्या दोन डाकूंचा निवाडा या खेळात झाला असता, तर तो आमच्या पात्रांच्या अंगावर कायमचा लिहिला गेला असता.

आणि पस्तिशीनंतर दर हिवाळ्याला वयाचा फासा. ताकद घटते, हात थरथरतो. शेवटी सरदार मरतो किंवा घोड्यावरून उतरतो, आणि तुम्ही त्याच्या मुलाचं पात्र घेता, बापाच्या कीर्तीचा दहावा हिस्सा पाठीशी घेऊन. वाढ आणि उतार एकाच कागदावर असलेला याहून सुंदर खेळ मी खेळलेलो नाही.

शिडी नकोच म्हणणारे

यातला पहिला 'वॉरहॅमर फँटसी रोलप्ले', १९८६, इंग्लंडचा. त्यात पात्र चढतं ते धंदे बदलत. तुम्ही उंदीर पकडणारे म्हणून सुरुवात करता, सोबत एक छोटा पण खुनशी कुत्रा असतो, आणि तिथून पुढचे धंदे खुले होतात. गटारात हिंडणाऱ्या माणसाला अचानक मंत्र येत नाहीत, आधी कुणीतरी त्याला शिष्य करून घ्यावं लागतं.

२०२० चा 'केर्न' हा छोटासा खेळ त्याहून टोकाला गेला. एक्सपी नाहीत, लेव्हल नाहीत. तुम्ही काय मिळवलंत, कुणाला ओळखता आणि अंगावर कोणते वण आहेत, एवढीच तुमची वाढ. वण शब्दशः. मार खाऊन हिट पॉइंट बरोबर शून्यावर आले की वणांच्या तक्त्यात पाहायचं. एखाद्या वणाबरोबर फासा टाकून हिट पॉइंटची कमाल मर्यादा वाढूही शकते. कोल्हापूरचा जुना मल्ल मोडलेल्या कानांवरून ओळखू येतो, तसं हे पात्र.

आणि २०२० चाच 'हार्ट'. यात खेळणारा स्वतःच दर बैठकीआधी आपल्या पात्राच्या बाबतीत कोणत्या गोष्टी घडाव्यात ते निवडतो आणि सर्वांना सांगतो. त्या घडल्या की नवी शक्ती मिळते. शेवटच्या पायरीवरची शक्ती सर्वांत मोठी असते, पण ती वापरली की पात्राची गोष्ट तिथेच संपते.

"पण आकडा वाढण्यातच तर मजा आहे!"

आहे, आणि त्यात कमीपणा नाही. पहिल्यांदा आगीचा गोळा फेकल्याचा आनंद मी विसरलेलो नाही. कष्टाचं फळ डोळ्यांसमोर दिसणं माणसाला हवं असतं, शाळेत आणि नोकरीत ते इतक्या स्वच्छपणे क्वचितच मिळतं.

पण एक गोष्ट तपासून पाहावी. आपण चढलो आणि समोरचे राक्षसही तेवढेच चढले, तर काय बदललं? महागाई भत्ता वाढला आणि बाजारही वाढला. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन' या संगणकखेळात खेळणाऱ्याबरोबर सगळं जगच वर सरकत असे. शेवटी वाटेवरचे भुरटे दरोडेखोरही अतिमहाग काचेची चिलखतं घालून हिंडू लागले. लोक त्यावर वर्षानुवर्षं बोलत राहिले, आणि एप्रिल २०२५ मध्ये खेळ नव्या रूपात आला तेव्हा लेव्हल चढण्याची पद्धतच बदलण्यात आली. वाढ जाणवायची तर जुनी गुहा जुनीच राहायला हवी, तिथे परत गेल्यावर आपण बदललो हे कळायला.

दुसरा नेहमीचा आक्षेप: लेव्हल नसतील तर तीन वर्षं लोक येतील कशाला? पेंड्रॅगनची मोठी मोहीम गोष्टीतली सुमारे ऐंशी वर्षं चालते, आणि लोक ती आजही खेळतात. आपल्या सरदाराचा नातू कसा निघेल हे पाहायला माणसं येतात.

भाचीच्या टेबलावर काय ठरलं

मी तिला खेळ बदल म्हटलं नाही. पुस्तकं वाढदिवसाच्या पैशांतून आली होती, आणि पाचही जणींना डन्जन्स अँड ड्रॅगन्सच आवडतं. फक्त गुण कशाला हे बदलू, असं म्हणालो. डन्जन वर्ल्डमध्ये बैठकीच्या शेवटी सगळ्यांनी मिळून उत्तरं द्यायचे काही प्रश्न असतात. त्या धर्तीवर मुलींनी स्वतःचे तीन तयार केले. या जगाबद्दल आज नवीन काही कळलं का? कुणाचं तरी संकट टळलं का? आपल्यापैकी कुणी अवघड गोष्ट करून पाहिली का, जमो अथवा न जमो? प्रत्येक 'हो'ला सगळ्यांना शंभर एक्सपी. राक्षसांचे आकडे बाद.

गॉब्लिनांच्या त्या शनिवारालाही हे मागून लावायचं ठरलं. तिन्ही उत्तरं 'हो' आली: तीनशे, म्हणजे सरळ दुसरी लेव्हल.

रविवारी सकाळी तिचा फोन आला. तिने पुढचा हिशोब मांडला होता. तिसऱ्या लेव्हलला नऊशे लागतात, म्हणजे आणखी दोन शनिवार. चौथीला सत्तावीसशे, म्हणजे त्यानंतर सहा. "मामा, सहा शनिवार फार होतात का रे?" मी म्हटलं, फार वाटले तर दीडशे करा, नियम तुमचा आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नको, चालतील. ते गॉब्लिन गुहा सोडून गेले कुठे, तेही शोधायचंय अजून."